मनीची हद्दपारी

घड्याळजींना किडनी दिली ती त्यांच्या थोरल्या बहिणीनं. दिली खरी, पण तिच्यावरची नजर काही काढून घेतली नाही. ऑपरेशननंतर ताई बॅग भरून भावाकडे राहायलाच आली.

शरीरानं पाहुण्या किडनीला हाकलू नये, म्हणून औषधांनी घड्याळजींची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवली होती. तेव्हा परजीवींपासून जपा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. ताईनं पाणी उकळलं, काकडीसुद्धा उकडली. मांजराच्या विष्ठेतूनही लागण होते हे कळल्यावर तिनं मनीला बाहेर काढून खिडकी लावली.

"ताई, ती पायाशी असल्याशिवाय मला झोप येत नाही गं."

"माझ्या किडनीला येते."

मनीनं फुलांच्या वाफ्यात संसार थाटला. उंदीर तिथेच, बाकीचे विधीही तिथेच. मग ताईनं बाग बंद केली. माती चपलांना लागते, म्हणून चपला बाहेर राहिल्या. चपला बाहेर, म्हणून घड्याळजी आत राहिले.

दुपारभर ते खुर्चीत पेंगत. काचेपलीकडे मनी, अलीकडे ते, मधे पिवळं ऊन. अर्धवट झोपेत भिंतीवरची घड्याळं पाण्यावर तरंगू लागत, आणि मनी त्यांच्यावरून एकेक पाऊल टाकत येई. ती पोचणार, तेवढ्यात ताई गोळी घ्यायला उठवी.

तपासणीला ताई सोबत होतीच. डॉक्टरीणबाईंनी घड्याळजींना विचारलं, "रिपोर्ट उत्तम आहेत. मग चेहरा असा का?"

"झोप नाही. मांजर बाहेर असतं."

"बाहेर? अहो, उंदीर खाऊनच तर मांजरांना लागण होते. तिला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, मग घरातच ठेवा. शिजवलेलं घाला. फक्त तिचा रेतीचा ट्रे यांनी साफ करायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी रोज करायचा."

खोलीत दुसरं कुणी आहे का, हे ताईनं वळून पाहिलं.

मनी परतली. ताई रोज सकाळी मास्क आणि हातमोजे चढवून, बॉम्ब निकामी करायला निघाल्यासारखी ट्रेकडे जाऊ लागली.

परवा दुपारी घड्याळजी झोपेच्या काठावर होते. स्वयंपाकघरातून ताईचा दबका आवाज येत होता.

"पालीकडे काय बघतेस? शिजवलंय ते गप खा. आणि ओल्या पायांनी त्याच्या गादीवर गेलीस, तर माझ्याशी गाठ आहे."

घड्याळजींनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. ऑपरेशनपासून पहिल्यांदाच घरात दुसरं कुणीतरी बोलणी खात होतं. मनी पायाशी येण्याआधीच त्यांना गाढ झोप लागली.