हिरामावशीचं साक्षीचं इंग्रजी

हिरामावशीनं आमच्या इमारतीतल्या बोक्याला 'थ्रेट' ठरवलं, तेव्हा मी जिन्यातच उभी होते. मासळीची टोपली पायरीवर टेकवून तिनं त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि मला सांगितलं, "बाई, हा ए वर्गातला हाय." बी वर्गात वॉचमनचा कुत्रा होता, कारण तो नुसताच भुंकायचा. सी वर्गात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या. त्या प्रत्येक पापलेट दाबून बघायच्या आणि शेवटी मांदेली घ्यायच्या.

हे वर्ग तिच्या मनाचे नव्हते. साक्षीदाराला किती धोका आहे, हे पोलीस अशाच तीन वर्गांत बसवतात. आणि हिरामावशी साक्षीदार होती.

ती किनाऱ्यावरच्या नवापूर गावची. आठवड्यातून तीनदा बोईसरला येते आणि आमच्या कॉलनीत दारोदार मासळी विकते. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती आणि तिची शेजारीण जनी ओहोटीला खाडीत खडकांना चिकटलेली कालवं काढत होत्या. तेवढ्यात काठावर एक टँकर आला आणि पाइप सोडून कसलंसं पिवळं पाणी खाडीत ओतायला लागला. गावातला गोविंद हातातलं जाळं टाकून टँकरवाल्यांना अडवायला धावला, तर टँकरवरच्या दोघांनी त्याला लोखंडी पान्यानं डोक्यात मारलं. गोविंद वाचला, पण उजवा हात कायमचा अधू झाला. दोघी बायकांनी पोलिसांत जबाब दिले.

आठ दिवसांनी मोटरसायकलवरून दोन माणसं आली. त्यांनी दोघींच्या अंगणातल्या बोंबील वाळवायच्या काठ्या आडव्या केल्या आणि कोर्टात गेलात तर पुढच्या वेळी माणसं आडवी करू, असं सांगून निघून गेली. सरकारी वकीलबाईंनी दोघींना सांगितलं की साक्षीदारांना संरक्षण मिळतं, अर्ज करा. जनी म्हणाली, अर्ज केला तर त्यांना आणखी राग येईल. हिरामावशीनं अर्ज केला.

त्यानंतर ती माझ्या दारात आली. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते, एवढं तिला ठाऊक होतं. कोर्टात वकील एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, आणि आपल्यासमोर आपल्याबद्दल काय बोलतात ते आपल्याला कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. ती चौथी शिकलेली. दर खेपेला एक शब्द घ्यायचा आणि पुढच्या खेपेपर्यंत तो वापरून पिळून काढायचा, ही तिची पद्धत.

'रीलोकेशन' शिकवला, त्या दिवशी ऊन सरकेल तशी तिनं टोपलीचं चार वेळा रीलोकेशन केलं. 'आयडेंटिटी' शिकल्यावर तिनं कॉलनीभर सांगितलं की बाजारात कुप्प्याची आयडेंटिटी बदलून त्याला सुरमई म्हणून खपवतात, आपण तसलं करत नाही. 'टुटर्ड' म्हणजे साक्षीदाराला दुसऱ्यानं पढवलेलं, हा तिला फार आवडला. माझा मुलगा पाढे म्हणू लागला की ती दारातून म्हणायची, "हा टुटर्ड हाय."

अर्ज मंजूर झाला. एक हवालदार रोज तिच्या घराकडे चक्कर मारू लागला. मावशी त्याला जेवल्याशिवाय सोडत नसे, त्यामुळे सहा महिन्यांत त्याच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात वकीलबाईंनी तिला कळवलं की तुमची साक्ष 'इन कॅमेरा' होणार. मी तेव्हा प्रशिक्षणाला गेले होते, म्हणून अर्थ तिनं स्वतःच लावला. पालघरच्या कोर्टात ती नवं कोरं लुगडं नेसून, अबोलीची वेणी माळून गेली. आत गेल्यावर सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, आरोपी दिसू नयेत म्हणून मध्ये पडदा ओढला. तिनं जजसाहेबांना विचारलं, कॅमेरा कुठं आहे? जजसाहेबांनी हसू आवरून मराठीत समजावलं की इन कॅमेरा म्हणजे बंद खोलीत. याचा राग तिनं माझ्यावर काढला. ज्यात कॅमेरा नाही त्याला इन कॅमेरा म्हणतात, ही कसली भाषा शिकवता, म्हणाली.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट मला वकीलबाईंकडून कळली. उलटतपासणीत आरोपींचे वकील जजसाहेबांना इंग्रजीत म्हणाले की ही बाई टुटर्ड आहे. तो शब्द ऐकताच मावशीनं हात वर केला.

"साहेब, बाईंनी मना शब्द शिकवले. टँकर मी पाह्यला."

ते वकील तो मुद्दा सोडून पुढच्या प्रश्नाकडे वळले.

मला वाटलं, आता शिकवणी संपली. पण पुढच्या खेपेला मावशी आली ती टोपली न उतरवताच उंबऱ्याशी थांबली. साक्ष फिरवणाऱ्याला काय म्हणतात, तिनं विचारलं. मी म्हटलं, मावशी, 'होस्टाइल', मी शिकवला होता तुम्हाला. "ठाऊक हाय," ती म्हणाली. मग माझ्या लक्षात आलं की सगळे शब्द तिनं मांजरा-कुत्र्यांवर, मासळीवर वापरले, हा एवढा कधीच वापरला नव्हता.

जनी तिच्या आधी कोर्टात उभी राहिली होती आणि आपण काहीच पाहिलं नाही, असं सांगून आली होती. तिची लेक त्या टँकरवाल्यांच्याच ओळखीनं कामाला लागली होती. त्या दिवसापासून जनी हिरामावशीशी बोलत नव्हती. तीस वर्षं दोघी एका ओहोटीला खाडीत उतरल्या होत्या. आता जनी वाट वाकडी करून जायची, आणि मावशी एकटीच कालवं काढायची.

"मी रागावली नाय," मावशी म्हणाली. "ती भ्याली. मना हवालदार मिळाला, तिला कोन मिळालं?"

फिरलेल्या साक्षीदाराला परत येता येतं का, एवढंच तिला हवं होतं. आम्ही दोघी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सांगितलं, जनी आताही संरक्षण मागू शकते, आणि तिला पुन्हा बोलवा अशी विनंती कोर्टाला करता येते. मावशीनं कोरा अर्ज मागून घेतला. तो घेऊन ती जनीच्या दारात तीनदा गेली. दोनदा दार उघडलं नाही.

गेल्या महिन्यात जनीचा अर्ज मंजूर झाला. लेकीनं ते काम सोडून दुसरीकडे धरलंय. कोर्टानं पुन्हा साक्षीची तारीख दिली आहे.

परवा दोघी माझ्याकडे आल्या. मावशी पुढं, तिच्या पाठीआड एक किडकिडीत बाई. मी चहा ठेवला. जनीनं कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. तिनं खाली बघतच विचारलं, "बाई, मी तवा खोटं बोलली, ते इंग्रजीत कसं सांगू?"

मी काही बोलायच्या आत मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ते मराठीतच सांग," ती म्हणाली. "मी बाहेर बाकावर बसलेली असंन."

जनीनं मान हलवली आणि गार होत आलेला चहा प्यायला घेतला.