लोटन जिभाऊंचा लाल रंग

धानोऱ्याला माझ्या भाच्याचं लग्न. शेवटची मंगलाष्टका संपली, वाजंत्री सुरू झाली, नवरीनं हार उचलला आणि लोटन जिभाऊंनी हात वर केला.

"थांबा! कलर स्पेस बदलनी शे."

नवरी हार धरून उभी. नवरदेवाची मान पुढे. अख्खा मांडव जिभाऊंकडे बघतोय आणि जिभाऊ वाचायचा चष्मा नाकावर ठेवून साबणाच्या वडीएवढ्या कॅमेऱ्याची बटणं दाबतायत. मुहूर्त गेला तेल लावत, सेटिंग चुकता कामा नये! माझा भाऊ दातओठ खात माझ्याकडे बघत होता, कारण या पाहुण्याला मी आणलं होतं. जिभाऊ आमचे शेजारी. नंदुरबारच्या आमच्या कॉलनीत त्यांची आणि माझी भिंत एक आहे. ती आणखी जाड असायला हवी होती, असं मला रोज वाटतं.

बरं, एवढा तमाशा करून काढलेला फोटो मिळाला का? नाव नको. महिनाभर मागून मागून माझी जीभ झिजली.

"आक्का, तो फोटो न्हई, तो रॉ शे. कच्चा माल. मोबाइलमा उघडाव न्हई."

"मग पक्का करा की!"

"करसू. घाई काय शे?"

रॉ म्हणजे काय ते त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की आता झोपेतही सांगेन. रॉमध्ये कॅमेरा स्वतःचं डोकं चालवत नाही. भिंगातून आला तेवढा उजेड जसाच्या तसा साठवतो. रंग कसे ठेवायचे ते मागाहून आपण कॉम्प्युटरवर बसून ठरवायचं. ऐकताना मला एक शंका आली. रंग मागाहूनच ठरणार असतील, तर कलर स्पेस बदलायला त्या बिचाऱ्या नवरीला ताटकळत कशाला ठेवलंत? मी हे तोंडावर विचारलं. जिभाऊ गडबडले.

"सवय पडी गयी, आक्का. एक डाव चुकनू, आते हात थांबस न्हई."

कॉलनीतली बारशी, जावळं, साखरपुडे, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरात कच्चं पडून आहे. ज्यांच्या बारशाचे फोटो त्यांनी काढले ती पोरं आता शाळेत जातात. लोकांनी जिभाऊंना बोलावणं बंद केलं. ते बोलावल्याशिवाय यायला लागले.

माझं मिरची कांडपाचं दुकान आहे. माझ्या तिखट तोंडाचं कारण लोक तिथेच शोधतात, शोधोत बापडे. मिरचीचा हंगाम सुरू झाला की जिभाऊ दुकानात येऊन पोत्यावर बसतात आणि गिऱ्हाइकांना शिकवायला लागतात. "दखा, कलर स्पेस म्हंजे रंगनं भांडं. दोन शेत. एसआरजीबी म्हंजे ताटली. दुसरी मोठी, ती परात. परातमानं ताटलीमा वतं का सांडाव." दोन किलो मिरची कुटायला आलेली बाई शिंकत शिंकत मान हलवते. तिला पीठही न्यायचं असतं, घरी स्वयंपाकही असतो. पण जिभाऊंना एकदा लाल रंग चढला की सुटका नाही. "लालइतला लबाड रंग दुसरा न्हई. मिरचीवर कितल्या सुरकुत्या ऱ्हातस! कॅमेरामा दखा, नुसता लाल गारा."

गावाबाहेर मिरची वाळत घालायच्या पथारी आहेत. तिथे हा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस भर उन्हात मिरच्यांमध्ये पोटावर झोपून फोटो काढतो. मिरच्या खुडणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसतात. मीही हसले आहे. मिरची विकून घर चालतं, फोटो काढून काय चालतं?

लीलावैनी होत्या तोवर हा माणूस बरा होता. त्यांची बायको. भिंतीपलीकडून वैनींचं बोलणं ऐकू यायचं, आणि ते ऐकलं की माझा दिवस सुरू व्हायचा. जिभाऊ निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलानं, मनोजनं, सुरतेहून हा कॅमेरा पाठवला. जिभाऊंनी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिक्षण घेतलं. सांगणारानं सांगितलं, मोठी कलर स्पेस चांगली. झालं, यांनी मोठी लावली.

त्या श्रावणात त्यांच्या घरी आमची खानदेशी देवी, कानबाई, बसली होती. विसर्जनाला वैनी लाल शालू नेसून, डोक्यावर कानबाई घेऊन निघाल्या. कॅमेरा दिसला की पदर ओढणारी बाई त्या दिवशी दोन्ही हात वर असल्यामुळे सापडली. जिभाऊंनी मनसोक्त फोटो काढले आणि एक मोठा करून छापून आणला.

मी तिथेच होते. शालू विटकरीसारखा. तोंड राखेसारखं. वैनींनी फोटो लांब धरून बघितला. "माय वं! मी इतली मरेल दिसस का?"

आम्ही सगळ्या हसलो. जिभाऊ कॅमेरा उचलून बाहेर निघून गेले.

त्याच हिवाळ्यात वैनी गेल्या. ताप काय आला, दवाखाना काय केला, आठवड्यात सगळं आटोपलं. सुतक फिटताना गंधमुक्तीला फोटो हवा, तर घरात दोनच. एक आधार कार्डावरचा, त्यात कोणीच स्वतःसारखं दिसत नाही. दुसरा हा. त्या राखेच्या तोंडालाच हार घातला. येणारा प्रत्येक जण हात जोडायचा आणि बाहेर जाऊन म्हणायचा, नवरा फोटो काढत हिंडतो, बायकोचा धड एक फोटो नाही. जिभाऊंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचा. आपल्या लोकांना दुःखाच्या घरी जेवायचंही असतं आणि नावंही ठेवायची असतात.

तेव्हापासून त्यांनी रॉ धरला.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मनोज सुरतेहून आला. आईच्या नावानं घागर भरायची, निखाऱ्यावर नैवेद्याची आगारी टाकायची, म्हणून नवीन फ्रेम करून आणली. मोबाइलमध्ये म्हणे असं काहीतरी असतं, जुना फोटो घातला की नवा करून देतं. मी नैवेद्याचं ताट घेऊन गेले तेव्हा फ्रेम पाटावर मांडली होती. गाल गुलाबी. ओठांना लिपस्टिक. कपाळावरचं गोंदण तर साफ धुऊन काढलेलं. सुरतेच्या साडीच्या दुकानातली बाहुली!

जिभाऊंनी चष्मा लावला, काढला.

"हाई तुन्ही माय न्हई."

"मग काय तो मेलेला फोटो ठेवू? लोक हसतात, पप्पा. इतके फोटो काढता, एक तरी तुम्हाला जमला का?"

जिभाऊंनी फ्रेम उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. वैनींची घागर फोटोशिवाय भरली गेली. मनोज त्याच दिवशी निघाला. जाताना मला म्हणाला, "आक्का, त्यांचं डोकं फिरलंय, जरा लक्ष ठेवा." ठेवते म्हटलं. सुरतेहून लक्ष कसं ठेवणार बिचारा! मला त्याचा इतका संताप आला, आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्याचाही आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर मिरच्या उलथायला गेले. बघते तर दोरीवर वैनींचा तो लाल शालू, आणि जिभाऊ त्याचे फोटो काढतायत.

"जिभाऊ, लोक बघतील. हे काय नवीन काढलंत?"

"नवं न्हई. चला, दखाडस."

त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. शालू सकाळचा, शालू दुपारचा, शालू ढगातला. पहिल्यांदाच मी त्यांचे पक्के केलेले फोटो बघत होते. लाल असा, की हात लावला तर जरीचा काठ बोटाला टोचेल. अगदी त्या दिवसाचा लाल.

"बराबर शे ना, आक्का?"

"बरोबर आहे."

"तिन्हा फोटोमा बी असाच व्हता." ते पडद्याकडेच बघत होते. "फोटो खराब नव्हताच. बठ्ठा रंग फाइलना मझार व्हता. मी परात निवडी, छापाना मशीनले ताटली पाहिजे व्हती. छापाना आगोदर नुसतं बदलीसन देनं व्हतं. माले ते मांगून समजनं."

"मग आता बदला! परत छापा!"

"कोठून? तुम्ही हसन्यात, मी बाहेर गऊ, आनि पायरीवर बसीसन बठ्ठा फोटो पुसी टाकात. म्हंतं, पुढला साले काढसू, चांगला."

"कॅमेऱ्याच्या कार्डावर काहीतरी राहिलं असेल..."

"त्या कार्डवर मिरच्या काढ्यात. लालनी प्रॅक्टिस. पुढला सालकरता."

आम्ही हसलो होतो. मग उगाच म्हटलं, "निदान लोकांचे फोटो तरी देऊन टाका."

"दिधा का लोक नाव ठेवतस. मंग आपला हात पुसाकडे जास. पडू द्या कच्चा."

त्यांनी पुन्हा शालू मोठा करून बघितला.

"लाल तं सापडी गया, आक्का. पन तिन्हा तोंडना रंग आते आठवस न्हई. तुम्ही रोज दखेल शे. कसा व्हता?"

मी आठवायला गेले. भिंतीपलीकडचा आवाज आठवला, गोंदण आठवलं, पदर ओढायची लकब आठवली. रंग म्हटला की तो राखेचा फोटोच पुढे यायचा.

"गव्हाळ," मी म्हटलं. "गव्हाळ होत्या वैनी."

"गव्हाळ म्हंजे कोनता? नवा गहू का जुना?"

एरवी मी या प्रश्नावर त्यांना फाडून खाल्लं असतं. मी घरी गेले, कोठीतून ओंजळभर गहू काढला आणि गच्चीवर आले. जिभाऊंनी तो शालूच्या पदरावर पसरला, गुडघ्यावर बसले, चष्मा नाकावर घेतला.

"थांबा," म्हणाले, "सेटिंग दखी लेस."

मी थांबले.