जावई आडवा झाला

"पाण्याचा दाब म्हणजे काय, हे मी अठरा वर्षं पोरांना शिकवतोय. आणि साधा फिल्टर बसवायला प्लंबर बोलावू? मी?"

लादिपोनं पाना उचलून हे असं काही ठणकावलं, की वर्गात असता तर मागच्या बाकावरची पोरंही जागी झाली असती! पण समोर बायको होती.

"शिकवणं वेगळं आणि बसवणं वेगळं," मोरेनिके म्हणाली. "कोपऱ्यावरच्या काझीम प्लंबरला बोलव, अर्ध्या तासाचं काम आहे. मी आईला आणायला स्टँडवर चाललेय. येईपर्यंत घराचं तळं करू नकोस म्हणजे मिळवलं!"

या फिल्टरमागे आठ वर्षांचं दुखणं होतं. सासूबाई इसेयिन गावच्या, विणकरांच्या घरातल्या. लग्नानंतर इबादान शहरात लेकीकडे तीनदा आल्या आणि तिन्ही वेळा स्वतःच्या पाण्याचा कॅन घेऊन आल्या. "तुमच्या घरचं पाणी मला सोसत नाही, मास्तर," एवढंच म्हणायच्या. मास्तर! अख्ख्या गोतावळ्यातली वडीलधारी माणसं त्याला 'अजानी' या लाडाच्या नावानं हाक मारत, पण सासूच्या तोंडून ते नाव कधी निघालं नव्हतं. लादिपोला ते फार लागायचं. मग त्यानं शिकलेल्या माणसासारखा विचार केला. बोअरचं पाणी तांबूस येतं, तेच म्हातारीला नको असणार. पाणी स्वच्छ झालं की सगळं जमेल.

सासूच्या स्वागतासाठी पांढरेशुभ्र कपडे आधीच चढवून तो सिंकखाली शिरला. तिथला कॉक बंद करून पाइप कापला, नळ्या जोडल्या, सांध्याला पांढरी टेप गुंडाळली, नट आवळला, कॉक उघडला. टप्. एक थेंब पडला.

"पहिलाच आहे," लादिपो त्याला उदार मनानं म्हणाला.

टप्, टप्, टप्! त्यानं नट आणखी आवळला. टेप उलट्या बाजूनं गुंडाळलेली. नट आवळावा तशी ती सुटून बाहेर येत होती. हे कळायच्या आत मास्तरांनी पान्यावर सगळा भार टाकला, आणि कडाक्! प्लास्टिकचा सांधा तडकला. पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट सासूबाईंनीच पाठवलेल्या गारीच्या पोत्याकडे! कसाव्याचा तो रवा भिजला, तर सासूला तोंड दाखवायची सोय नाही. त्यानं कॉक फिरवायला हात घातला, तर कॉकची मूठच हातात आली.

शेवटी तो जमिनीवर पालथा झाला, सिंकखालच्या कपाटात खांद्यापर्यंत घुसला आणि भेगेवर अंगठा दाबून धरला. पाणी थांबलं. पण आता हलायची सोय उरली नाही.

"काझीम! अहो शेजारी! कुणी आहे का?"

शेजाऱ्याचा जनरेटर धडधडत होता. त्यात तोफ उडाली असती तरी कुणाला कळलं नसतं.

तेवढ्यात दार वाजलं, चपला वाजल्या, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबल्या.

"अगं बाई!" सासूबाईंचा आवाज.

जावई लांबच्या लांब आडवा पडला होता! पांढऱ्या कपड्यांत, गढूळ पाण्यात, तोंड खाली करून. त्या मुलखात जावयानं सासूला नमस्कार करायचा तो असाच, पुरता आडवा होऊन.

"ऊठ," सासूबाई हलकेच म्हणाल्या.

"नाही उठता येत, आई!"

"बघ गं मोरेनिके, म्हणतो उठता येत नाही!" म्हातारी लेकीकडे वळून म्हणाली. "ऊठ रे बाबा, पोचला नमस्कार."

"आई, खरंच, मी उठलो तर अनर्थ होईल!"

झालं! सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि आशीर्वाद सुरू केले. घरात बरकत येवो. आमेन. शत्रूचं तोंड बंद होवो. आमेन. पाण्यासारखा वाहता राहा. यावर मात्र लादिपोच्या तोंडून आमेन निघेना.

मोरेनिके बोचकी ठेवून वाकली. तिनं कपाटात पाहिलं, फुटका सांधा पाहिला, नवऱ्याचा पांढरा पडलेला अंगठा पाहिला. मग ओठांवर बोट ठेवून डोळे वटारले. गप्प बस, बोलशील तर याद राख!

"आठ वर्षं डोक्यात राग घेऊन बसले होते मी," सासूबाई स्टुलावर बसत म्हणाल्या. "लग्नात माझ्या अंगणात चिखल होता, म्हणून तू नुसता वाकलास, दोन बोटं जमिनीला लावलीस. अख्ख्या गावासमोर! मला वाटलं, कपडे जपणारा माणूस माझ्या पोरीला काय जपणार? त्याच्या घरचं पाणी नको. आणि आज हा पाण्यात लोळतोय. मोरेनिके, पाणी दे गं. आज या घरचं पाणी पिते मी."

 लग्नातला तो झगा थोरल्या भावाकडून उसना आणला होता, हे लादिपोनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि म्हातारीचा राग पाण्यावर कधी नव्हताच! हा फिल्टर, हा पाना, ही सगळी सकाळ, सगळं भलत्याच ठिकाणी. गप्प राहिलं की काम फत्ते. पण म्हातारी खरंखुरं रडत होती, आणि ते त्याला सोसवेना.

"आई," तो कपाटातूनच म्हणाला, "मी नमस्कार घातलेला नाही. पाइप फुटलाय. अंगठा काढला तर पाणी उडेल, म्हणून पडलोय."

मोरेनिकेनं कपाळावर हात मारला. 

"तरीच!" सासूबाई म्हणाल्या. "पायाचे तळवे माझ्याकडे आणि तोंड कपाटाकडे! म्हटलं, शिकलेल्या लोकांत उलटं घालत असतील."

मग त्या उठल्या, लुगडं खोचलं आणि परसात गेल्या. टाकीखालचा गंजलेला कॉक डोक्याचं फडकं गुंडाळून त्यांनी एका हिसक्यात बंद केला. अंगठ्याखालचं पाणी मेलं. लादिपो कण्हत बाहेर आला. कपड्यांचा पार चिखल झाला होता. सासूबाई दारात उभ्या होत्या, पडलेल्या चेहऱ्यानं.

त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग तोंड त्यांच्याकडे करून तो त्याच पाण्यात पुन्हा लांबच्या लांब आडवा झाला.

"आता कुठं गळतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठं नाही, आई."

बऱ्याच वेळानं त्याच्या ओल्या पाठीवर एक खरखरीत हात टेकला. "ऊठ. आणि मी मागितलेल्या पाण्याचं काय झालं?"

नळ बंद. फिल्टरच्या डब्यात जेमतेम पेलाभर पाणी उरलेलं, तेही फिल्टरमधल्या नव्या कोळशानं काळपट. मोरेनिकेनं तेच पेल्यात ओतलं. "आई, हे पहिलं पाणी फेकायचं असतं," लादिपो म्हणेपर्यंत सासूबाईंनी पेला उचलून रिकामा केला, तोंड वेडंवाकडं केलं आणि मिशीसारखा काळा ओघळ पुसला.

"उद्या मात्र प्लंबर बोलव हं, अजानी."