पार्किंगवाले दाजी

आमच्या दाजींनी माझ्या चुलत भावाच्या लग्नात नवरदेवाची घोडी मांडवाच्या दारात उलटी लावली. म्हणजे घोडीचं तोंड रस्त्याकडे आणि शेपूट मांडवाकडे. वर बसलेला नवरदेव मुंडावळ्या सावरत मान वळवून सासूला शोधत होता, सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन घोडीच्या शेपटामागं उभ्या होत्या, आणि दाजी दोन्ही हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या, अजून थोडं, बास" करत होते. मी पळत गेलो तर शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, तोंड भाईर लावलेलं बरं असतंय. निघताना खोळंबा व्हत न्हाई."

नवरदेव निघायला नव्हे, उतरायला आला होता, हे त्यांना कोण सांगणार? मी तरी नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. दाजींना उलट बोलायची आमच्याकडं पद्धत नाही, आणि या पद्धतीनं माझा फार छळ केलेला आहे.

दाजींचं नाव रंगनाथराव. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पार्किंग सांभाळणाऱ्या एका कंपनीत काढली. आज एखादा मॉल, उद्या दवाखाना, परवा विमानतळ. कंपनी जिथला ठेका घेईल तिथं दाजींची बदली. "कंपनीची सोताची गुंठाभर जमीन न्हाई," ते अभिमानानं सांगायचे, "पण निम्म्या देशात नुसतं उभं ऱ्हायचं भाडं घेती." प्रत्येक ठिकाणची तऱ्हा वेगळी. दवाखान्यात माणूस घाबरलेला असतो, तिथं आधी गाडी घ्यायची, पावतीचं मागून बघायचं. मॉलमध्ये माणूस खुशीत असतो, तो गाडी कुठं लावली हेच विसरतो. विमानतळावर तर माणूस गाडी जमिनीवर सोडून आभाळात जातो, म्हणून गाडीपेक्षा त्याचं तोंड ध्यानात ठेवायचं. हे ज्ञान मी पंगतीत ऐकलंय, मयतीत ऐकलंय, आणि दाढ दुखत असताना अंबडच्या बसमध्येसुद्धा ऐकलंय.

पुढं कंपनीनं गाडीचा नंबर वाचणारा कॅमेरा बसवला. दांडा आपोआप वर जायला लागला आणि दाजी आपोआप घरी आले.

आले ते नेमके दुष्काळात. आमचं गाव तलवाड्याच्या पुढं. विहिरींनी तळ दाखवलेला, गाव टँकरवर. आमच्या सोसायटीनं माळावर चारा छावणी काढली होती, आणि मी सोसायटीचा सचिव. अक्का एक दिवस येऊन म्हणाली, "बापू, ह्यांना कायतरी काम दे. घरात बसून बाजांच्या जागा बदलायलेत. काल माझी चूल हलवायला निघालते."

मी त्यांना छावणीचं फाटक दिलं. तिथंच चुकलो.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर सगळ्या माळावर चुन्याचे पट्टे. दर पट्ट्यात एक जनावर, सगळ्यांची तोंडं बाहेर, शेपट्या आत. शिट्टी तोंडात धरून दाजी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा बैल मागं मागं घेत होते.

"दाजी, बैल हाय. जीप न्हाई," म्हातारा काकुळतीला येऊन म्हणाला.

"म्हणून तर जपून घ्यायलोय. जीपला ब्रेक असतोय."

आता तोंडं बाहेर म्हटल्यावर शेण सगळं आतल्या बाजूला, आणि आतल्या बाजूला माणसांच्या चुली. बायकांनी सोसायटीवर मोर्चा आणला. तपासणीला आलेल्या तलाठ्याच्या डोक्याचा रुमाल एका जर्सी गायीनं ओढून घेतला आणि त्याच्यासमोरच खाल्ला. छावणीभरची जनावरं फिरवून सरळ बांधायला मला आणि चार गड्यांना दिवस गेला. दाजी एका बाजूला उभे राहून दुःखानं बघत होते. "तुमची मर्जी," म्हणाले, "पण एकदम सगळी निघाली तर मला बोलायचं न्हाई."

हेही सोसलं. पण मग चेअरमन आले.

सोसायटीचे चेअरमन पांढऱ्या जीपमधून छावणी बघायला आले तेव्हा दाजींनी त्यांना फाटकातच अडवून पत्र्याचा बिल्ला दिला आणि जीप बाभळीखाली लावायला लावली. चेअरमननी हसण्यावारी नेलं. परत निघताना बिल्ला सापडेना. दाजी जीपला आडवे उभे राहिले.

"अहो, मी चेअरमन हाय."

"आसाल. गाडी तुमचीच कशावरून? सामनेच्या कप्प्यात काय हाय ते सांगा आन् घेऊन जावा. विमानतळावर असंच असतंय."

चेअरमन कप्प्यात काय आहे ते सांगेनात. छावणीतली माणसं गोळा झाली. माणसं जसजशी वाढली तसतसं चेअरमनना सांगणं अवघड होत गेलं. शेवटी बिल्ला सीटखाली सापडला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. चेअरमननी मला बाजूला घेतलं. "सचिव, छावणीच्या बिलावर माझी सही लागती, ध्यानात हाय ना? उद्या ह्यो माणूस मला फाटकावर दिसायचा न्हाई."

बिल अडलं की चारा बंद. माळावरची एवढी जनावरं घेऊन लोक कुठं जाणार? त्याच संध्याकाळी मी अक्काच्या घरी गेलो. दाजी छावणीतच होते. अक्का ज्वारी निवडत होती. मी सगळा राग तिच्यासमोर ओतला. घोडीपासून चेअरमनच्या धमकीपर्यंत सगळं. ती निवडत राहिली.

मग म्हणाली, "परवा मी भाकरी घेऊन गेलते तिथं. 'ओ रंगनाथराव, माझी गाय कुठं बांधू,' 'ओ रंगनाथराव, च्या घ्या,' सगळी नावानं बोलवायलेत. मी ऐकतच राह्यले. तिकडं त्यांना नाव नव्हतं रं बापू. 'ए पार्किंग' म्हणायची लोकं, ह्यांनीच सांगितलंय."

तिनं सूप आपटलं, खडे बाजूला केले. "तरी तुला काढायचं तर काढ. तुझी नोकरी हाय."

दुसऱ्या दिवशी मी दाजींना सांगितलं की त्यांची बदली मागच्या फाटकावर झाली आहे. तिकडून चाऱ्याच्या ट्रकांशिवाय कुणी येत नसे. मला वाटलं, रागावतील. त्यांनी फक्त "आत्ताच जॉईन व्हायचं का?" विचारलं, शिट्टी खिशात घातली आणि निघाले. त्यांच्या मागोमाग चहावाला गेला, मग गप्पा मारणारी म्हातारी माणसं गेली, आणि आठवडाभरात पुढचं फाटक ओस पडलं. चेअरमननी सही केली.

पाऊसपाणी झालं, छावणी उठली. सोसायटीनं दाजींना शाल-नारळ द्यायचं ठरवलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "शाल नगं, पाव्हणं. एक दिवस तुमची गाडी द्या. हिला माझी कामाची जागा दावायची हाय."

अक्का तिकडं कधी गेलीच नव्हती. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, आणि दाजी कंपनीच्या खोलीत, जिथं माणसाला माणूस लागून झोपायचा. बायकोला नेणार कुठं? तिनं मात्र गावभर सांगितलं होतं की आमचे मालक विमानतळावर असतात.

मीच गाडी घेऊन गेलो. विमानतळाच्या वाहनतळाचा सगळ्यात खालचा मजला. दिवसा ट्यूबलाइट, धुराचा वास, छत डोक्याला टेकेल असं. दाजी एका खांबापाशी थांबले. "हितं उभा असायचो," म्हणाले. तिथं आता एक मशीन उभं होतं.

अक्कानं इकडंतिकडं पाहिलं. "आन् विमानं?"

"वर असत्यात. आवाज येतोय कंदी कंदी."

"जेवायचे कुठं?"

"हितंच. उभ्या उभ्या. गाड्या यायच्या ना सारख्या."

खांबाच्या कडेला अक्कानं पदरानं फरशी पुसली, खाली बसली आणि फडक्यातल्या भाकरी सोडल्या. "बसा," म्हणाली.

"हितं बसू देत न्हाईत."

"बसा तुमी."

ते बसले. तेवढ्यात उतारावरून एक गाडी आली आणि तिनं हॉर्न दिला. दाजी अर्धे उठले. अक्कानं त्यांचं मनगट धरलं. मी पुढं होऊन गाडीवाल्याला पलीकडून जायला सांगितलं. तो काहीतरी पुटपुटत गेला. मागं वळून बघितलं तर अक्का भाकरी मोडून त्यांच्या पुढ्यात ठेवत होती, आणि दाजी गाड्यांकडं पाठ करून, मांडी घालून, सावकाश जेवत होते.