चौथ्या सिलिंडरमधला कापूस

दातांच्या डॉक्टरांनी सासऱ्यांच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं, तेव्हा सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हं, मोठा आ करा."

सासरे गेल्यापासून ही गाडी डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये होती. सुरू केली की निळा धूर ओकायची. बायकोचे थोरले भाऊ आज गाडीचा निकाल लावायला येणार होते. त्यांच्या मते इंजिन पार झिजलं होतं, गाडी भंगारात द्यावी. डॉक्टरांचा मात्र तिच्यावर जीव. "तपासल्याशिवाय मी दातसुद्धा काढत नाही," असं त्यांनी मेहुण्यांना फोनवर ठणकावलं होतं आणि मग तपासतात कसं, ते व्हिडिओ बघून शिकून घेतलं होतं.

काम तसं सोपं होतं. चारही प्लग काढायचे, एकेका भोकात दाब मोजायचं मीटर लावायचं आणि स्टार्टर फिरवायचा. दाब कमी आला तर त्या भोकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. तेवढ्याने दाब वाढला, तर आतल्या रिंगा झिजल्या असं समजायचं.

स्टार्टर फिरवायला बायकोला गाडीत बसवलं. तीन सिलिंडर ठणठणीत निघाले. चौथा मरगळलेला. डॉक्टरांनी त्यात ऑइल सोडलं, आणि मीटरचा काटा टुणकन वर गेला. डॉक्टरांचा चेहरा खाली आला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही विशेष नाही."

"पेशंटला असं म्हणता तेव्हा रूट कॅनाल निघतं."

डॉक्टरांनी एकदा शेवटचं मोजून बघायचं ठरवलं. भोकाच्या कडेला ऑइल सांडलं होतं. ते टिपायला त्यांनी चिमट्यात कापसाचा बोळा धरला, "जरासं झोंबेल हं," असं पुटपुटले, आणि बोळा सुळकन आत गेला.

चिमट्याने काढायला गेले तर तो आणखी खाली सरकला. व्हॅक्यूम क्लीनर लावला, तर त्याने बोळा सोडून डॉक्टरांची बाही ओढून घेतली.

"मी चावी फिरवते," बायको म्हणाली. "हवेच्या दाबाने येईल की बाहेर."

"तसं नसतं गं ते."

"मग कसं असतं?"

"बरं, फिरव," म्हणत डॉक्टर बाजूला झाले. नेमके त्याच क्षणी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले मेहुणे आत आले, आणि "कुठाय बिघाड?" म्हणत इंजिनावर वाकले.

फट्कन आवाज झाला. ऑइलने निथळणारा बोळा मेहुण्यांच्या कपाळावर बसला आणि सावकाश नाकावरून शर्टावर उतरला.

"थुंकली माझ्यावर," मेहुणे थंडपणे म्हणाले. "आता तरी सांगा डॉक्टर, इंजिन झिजलंय ना?"

खोटं बोलावं असं डॉक्टरांना फार वाटलं. पण आयुष्यभर लोकांना खरं सांगून रडवत आलेला माणूस. "चौथ्याच्या रिंगा गेल्यात," ते म्हणाले.

"म्हणजे भंगार."

गाडीतून बायकोचा आवाज आला, "प्लग बसवा आधी. एकदा नीट सुरू करून बघू."

दोघांनी गुपचूप प्लग बसवून बॉनेट लावलं. तिने चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. धुराचा रंग नेमका किती निळा, यावर वाद घालत दोघे मागे जाऊन उभे राहिले. बघता बघता गॅरेज धुराने भरलं. डोळे चोळून पाहतात, तर गाडीच नाही.

"चिमणे, अगं ब्रेक..." मेहुणे खोकत रस्त्यावर धावले. मागोमाग डॉक्टर.

कोपऱ्यावर निळ्या धुराचा पट्टा वळत होता. सासऱ्यांनी ही गाडी शिकवली ती मुलाला आणि जावयाला. लेक कायम मागच्या सीटवर. दुसरी कुठलीही गाडी ती झकास चालवायची, हिच्या स्टिअरिंगला मात्र आज पहिल्यांदाच तिचा हात लागला होता.

सबंध वस्तीला वळसा घालून ती परतली आणि तिने काच खाली केली. केस विस्कटलेले, चेहरा फुललेला.

"धूर बघितलास का?" मेहुण्यांनी दरडावलं.

"कुठला धूर?" ती म्हणाली. "तो मागे जातो, दादा. चालवणाऱ्याला दिसत नाही."

मेहुणे गाडीभोवती एकदा फिरले. मग शर्ट झटकत पुढचं दार उघडून तिच्या शेजारी बसले.

"डॉक्टर, तुम्ही त्या रिंगांचं बघा," ते म्हणाले. "तोवर आम्ही येतो जाऊन."