बाटलीतली बाळं

दाराशी उभ्या असलेल्या जोडप्याने खण-नारळाची पिशवी पुढे केली तेव्हा अनुपमाला वाटले, ओळख ना पाळख, आणि खण-नारळ म्हणजे जरा जास्तच झाले.

"दौंडवरनं आलोय," तो म्हणाला. "मी नवनाथ, ही माया. बाटलीत बाळं करनाऱ्या बाई तुमीच ना?"

अनुपमा हसली. ती शिरूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवी आणि घरी स्वयंपाकघरातल्या फळीवर, काचेच्या बाटल्यांत ऑर्किडची रोपे वाढवी. लाडाने त्यांना बाळं म्हणे. आजवर त्यांची चौकशी कुणी केली नव्हती. तुमचा कुकर सारखा का वाजतो, एवढेच काय ते आळीतले लोक विचारत. अलीकडे फुलशेतीचे वेड सगळीकडे पसरले होते. हे दोघे त्यातलेच, असे तिने धरून टाकले.

"मीच. बसा ना."

"बाई, जमतं कसं हे?" नवनाथने आवाज बारीक केला.

"अगदी सोपं. केळं, साखर, नारळाचं पाणी घालून जेली करायची. कुकरात उकडायची. गार झाली की वर बी टाकायचं."

"कुकरात?" माया दचकली.

"एकसुद्धा जंतू राहता कामा नये."

नवनाथने समजूतदारपणे मान डोलावली. दवाखान्यातही त्याला जंतूंचेच काहीतरी सांगितले होते. "आन् आई-बाप?"

"आई सिक्कीमची, बाप थायलंडचा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "म्हंजी आमचं कायच नको?"

"तुमचं कशाला? मी सगळं आधीच जुळवून ठेवलंय."

"रंग कसा निघंल?" मायाने धीर करून विचारले.

"बहुतेक जांभळा. एखादा पांढरा. ठिपके मात्र नक्की."

माया खुर्चीच्या कडेला टेकली. "आन् समदी जगत्यात का?"

"छे! शेकड्यात दोन-चार. बुरशी लागली की अख्खी बाटली मोरीत ओतायची."

"अगं बया!" मायाने तोंडाला पदर लावला.

त्यांना एवढा रस आहे, या आनंदात अनुपमाला ते दिसलेच नाही. तिने फळीवरची सगळ्यात चांगली बाटली आणून मायाच्या हातात दिली. मायाने ती फिरवून फिरवून पाहिली, झाकणाकडून पाहिली, तळाकडून पाहिली.

"बाई, ह्यात तर झाड हाय."

"ऑर्किडचं."

"मग बाळं?"

हीच ती बाळं, असे सांगायला अनुपमाने तोंड उघडले आणि सगळा घोटाळा तिच्या ध्यानात आला. जांभळे, ठिपक्यांचे पोर डोळ्यांसमोर उभे राहिले आणि तिला हसू फुटले. निदान तिने तरी हसायला नको होते. आवरले तोवर उशीर झाला होता.

"लग्नाला नऊ वर्सं झाली," नवनाथ फरशीकडे बघत म्हणाला. "पुन्याला दोनदा जाऊन आलो, न्हाई झालं. म्हनलं, शिरूर जवळ हाय."

"चुकलं माझं. मी आधी विचारायला हवं होतं."

"तुमची काय चूक, बाई?" मायाने बाटली दोन्ही हातांनी जपून टेबलावर ठेवली. "खरं सांगू? तुमी जांभळं म्हनलात, तवा मी मनात म्हनलं, असू दे. आपलंच की."

चहा नको म्हणून ते निघून गेले. पिशवी काही त्यांनी परत नेली नाही.

सासूबाई, सोजराबाई, आतल्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. एरवी पाहुणा उंबऱ्यात दिसला की त्या बाहेर येत. आज हलल्या नव्हत्या.

"आई, दौंडमध्ये हे कुणी सांगितलं असेल?"

"मीच."

"तुम्ही? कधी?"

"दौंडलाच, रखमाजीच्या पोराच्या लग्नात. त्या रंगुबाईनं चारचौघीत इचारलं, सुनंला अजून काय न्हाई का? तोंडातनं निघून गेलं माझ्या. म्हनलं, हायत की, बाटल्या भरून हायत!"



सोजराबाईंनी सूप खाली ठेवले. "समद्या पोट धरून हसल्या. ही माया तेवढी हसली न्हाई. नंतर जवळ आली आन् हळूच पत्ता इचारला." त्यांनी तांदळातला एक खडा उचलला आणि तो हातातच राहिला. "आन् मी दिला गं."