नानांचा कासरा

नाना सगळं जग हर्ट्‌झमध्ये मोजतात. चहा कडक झाला की "आज पन्नासवर शे." शेठजी चिडलेले दिसले की मला दारातच अडवतात, "जाऊ नको भाऊ, अठ्ठेचाळीसवर शेत." माझं लग्न ठरल्याचं सांगितलं, तर त्यांनी मला नखशिखांत न्याहाळून एवढंच विचारलं, "सासरा कितीवर शे?"

शिंदखेड्याजवळच्या एका जिनिंग मिलमध्ये मी विजेची देखभाल करतो. माझं गाव जळगाव, त्यामुळे नानांच्या लेखी मी अर्धा परदेशी. ढिगातला कापूस मोठ्या पाइपातून ओढून मशीनपर्यंत नेणारा जो अजस्र पंखा आहे, तो तीस वर्षं नानांच्या ताब्यात आहे. पूर्वी तो सुटला की सुटला. हवा जास्त झाली तर पाइपातली झडप ओढायची, पंखा मात्र तसाच पूर्ण वेगाने धापा टाकत राहायचा. नानांना ते मुळीच पटत नसे. "बैलले उधळू देवानं, मंग दार लावानं! हाई काय रीत शे?"

मग ड्राइव्ह आला. कपाटाएवढी पेटी, तिच्यावर एक बटण. ते फिरवलं की मोटारचा वेग पाहिजे तेवढा कमी-जास्त. आपली वीज पन्नास हर्ट्‌झची. पंखा चाळीसवर आणला तर वारा थोडाच कमी होतो, पण वीज जवळजवळ निम्मी लागते. हे सगळं समजावून सांगायची तयारी करून मी गेलो होतो. नानांनी माझं ऐकलंच नाही. बटण हळूच फिरवलं, पंख्याचा आवाज उतरताना डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "बैलना कासरा शे हाऊ." झालं. तेव्हापासून ते ती पेटी रोज सकाळी स्वतःच्या उपरण्याने पुसतात.

घोटाळा झाला तो शेठजींच्या मोबाईलमुळे. त्यावर पंख्याचा आलेख दिसू लागला. रोज दुपारी जेवणाच्या थोडं आधी पंखा पस्तीसवर उतरायचा, मिनिटभर थांबायचा, पुन्हा वर जायचा. "रोज कोण खेळतंय? कुलूप लाव त्याला," शेठजी म्हणाले.

मी नानांना विचारलं. "पाइप मोकया करस," ते दुसरीकडे बघत म्हणाले. आता पाइप मोकळा करायला वेग वाढवतात, कमी नाही करत, हे मला कळतं आणि नानांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला रागच आला. मी पासवर्ड टाकून बटणाला कुलूप लावलं.

त्या दिवशी नाना एकदाही हर्ट्‌झ बोलले नाहीत. जेवायला घरी गेले ते बराच वेळ परतले नाहीत, म्हणून मी बघायला गेलो. मिलच्या भिंतीपलीकडेच त्यांची खोली. त्यांच्या पत्नी, अक्का, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची परात पुढे घेऊन बसल्या होत्या, तवा नुकता तापत होता. साखरेच्या आजाराने अक्कांची नजर गेलीय हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"पंखा उतरनाच नही, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी म्हनं, आज काम जास्ती शे. पंखा उतरना की मी तवा ठेवस. कळणानी भाकर गरमच खातस तुमना नाना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी पडलो इंजिनिअर. तिथल्या तिथे उपाय सुचला. दुसऱ्या दिवशी मी ड्राइव्हमध्ये वेळच लावून ठेवली. बरोबर एक वाजता पंखा आपोआप पस्तीसवर उतरला, मिनिटभर थांबला, वर गेला. कुणाचा हात नको, कुणाचा पासवर्ड नको. मी मोठ्या ऐटीत नानांबरोबर त्यांच्या खोलीवर गेलो.

तवा थंड होता.

"आवाज उतरना की, अक्का!"

"उतरना खरा. पन तो तुमना नानासना हात नव्हता. या पंखा उतारताना मधमा जरासा थांबतस."

नाना उंबऱ्यात चपलांशी काहीतरी करत बसले. मी हट्टाने विचारलं, "मग अक्का, तुम्हाला मोबाईलच आणून देतो ना. नाना फोन करतील."

"व्हता ना मोबाईल," अक्का हसल्या. "तेवढा गोंगाटमा फोनवर या वरडतस, भाऊ. पंखावर हळू बोलतस."

शेठजींना मी खरं काय ते सांगितलं. ते थोडा वेळ पन्नासवर होते. मग म्हणाले, "मिनिटभरच ना?"

दुसऱ्या दिवशी मी पासवर्ड काढला. दुपारी नानांनी हात वर करून कापूस टाकणाऱ्यांना थांबवलं, बटणाला हात घातला. आवाज उतरू लागला, चाळीसच्या आसपास जरासा थबकला, मग पस्तीसवर आला. नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"काय सांगितलं, नाना?" मी विचारलं.

"भूक लागनी म्हनं. आखो काय?"

भूक लागली एवढं सांगायला मिनिटभर लागत नाही. उद्यापासून त्या मिनिटात पॅनेलजवळ उभं राहायचं नाही, एवढं मात्र मी ठरवलं.